कमळाकरभाऊंच्या गाडीचा लाइट पिवळा मारतो

बेलवलीत कमळाकरभाऊंचं घर शोधायचं असेल तर "रंगवाले कमळाकर" असं विचारावं लागतं. भिंती रंगवणारे नव्हेत. अंबरनाथच्या एका कारखान्यात कापडाचे रंग बनायचे, तिथे एकतीस वर्षं ते रंगाची शेड, म्हणजे छटा, बघायचे. नवी बॅच निघाली की कापडाचा तुकडा त्यात बुडवायचा, वाळवायचा, जुन्या नमुन्याला चिकटवून खिडकीतल्या उजेडात धरायचा आणि एकच शब्द सांगायचा. पास किंवा रिजेक्ट. पुढे त्या कामाला मशीन आलं. मशीनचं आणि कमळाकरभाऊंचं पटलं नाही तर साहेब आधी मशीन तपासून घ्यायचे.

त्यांची बोलीही त्याच कामातली. हा निळा लाल मारतो, हा काळा हिरवा मारतो. मारतो म्हणजे त्या रंगात दुसऱ्याची झाक आहे. आपल्याला ठार काळं दिसतं, त्यात त्यांना हिरवं दिसायचं. एकदा माझ्या साडीकडे बघून म्हणाले, "ताई, पदर एका बॅचचा, अंग दुसऱ्या बॅचचं. फसवलं तुम्हाला." मी ती बदलून आणली. भांडूनच आणली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी सात सीटची व्हॅन घेतली, ती बायकोला घेऊन गावाला फिरायला. वहिनी दोन वर्षांत गेल्या. व्हॅन दारात उभी. आसपासच्या बायकांच्या तक्रारी माझ्याकडे येतात, म्हणून तेव्हा मी जाऊन त्यांच्या मागे लागले. सोनिवलीच्या सहा बायका अंबरनाथला एमआयडीसीत एका पॅकिंग कंपनीत कामाला. कंपनी गाडी देत नव्हती. संध्याकाळी साडेसहाला सुटून, स्टेशन गाठून, मग रिक्षा मिळेपर्यंत आठ वाजायचे आणि घरोघर तोंडं वाकडी व्हायची. दोघींनी नोकरी सोडायचं ठरवलंही होतं. मी म्हटलं, "भाऊ, गाडीच्या गॅसचा खर्च त्या काढतील. तुम्ही फक्त न्या आणि आणा." त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सकाळी किती वाजता?" चार वर्षं झाली त्याला. एकाही बाईला लेटमार्क लागला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मात्र बिघडलं. संध्याकाळी घरी येताना अंधार असायचा आणि कमळाकरभाऊ सारखे कुरकुर करायचे. "लाइट पिवळा मारतोय. हळद लावल्यासारखा." समोरून गाडी आली की स्टिअरिंगला नाक टेकवून बघायचे. मग एका संध्याकाळी सोनिवलीच्या वळणावर गवताचा भारा डोक्यावर घेतलेला एक म्हातारा त्यांना दिसलाच नाही. मागून कौसाबाई ओरडली म्हणून ब्रेक लागला. म्हातारा हातभर अंतरावर. त्याने मान वळवून शांतपणे यांच्या आईची आठवण काढली आणि निघून गेला.

कौसाबाई त्या सहाजणींत थोरली. ती म्हणाली, "कमळाकरभाऊ, येवढा भारा दिसला नाय तुला?"

"लाइटच नाही त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सोनिवलीत बभ्रा. नूतनच्या सासूने तर सरळ सांगितलं, गाडी धड नसेल तर काम बंद, घरी बस. नूतन तिच्या घरातली एकटी कमावणारी. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, प्लीज काहीतरी करा ना. लाइट बदलायला सांगा काकांना."

बदलायचे तर बदलायचे. कमळाकरभाऊ उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये नारूशेठच्या दुकानात गेले आणि म्हणाले, सगळ्यात पांढरा बल्ब दे. नारूशेठने दिला. एलईडी, जास्त पॉवरचा. आठवडाभराने कमळाकरभाऊ माझ्याकडे. "ताई, डुप्लिकेट माल दिलाय. हाही पिवळाच मारतो. वर समोरचे गाडीवाले शिव्या देतात ते वेगळंच."

मला एवढं पुरे. मुळात रस्त्यावरच्या डोळे फोडणाऱ्या लाइटांबद्दल मी तीन अर्ज केलेले, त्यात हा भेसळवाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घेऊन मी दुकानात. पायरीवरूनच सुरू झाले. म्हाताऱ्या माणसाला फसवता, सहा बायकांचा जीव त्या गाडीत असतो, तुमच्या दुकानासमोर बसते की नाही बघा.

नारूशेठ साठीचा सिंधी, गिऱ्हाइकाला साईं म्हणणारा, बनियनवर शर्टाची बटणं उघडी. शांतपणे चहा सांगितला. "ताई, ओरडा, हक्क आहे तुमचा. फक्त पहिले एकदा बघून घ्या, मग ओरडा. साईं, तू भी बघ." त्याने शटर अर्धं ओढलं, बल्ब बॅटरीला जोडला आणि कॅलेंडरची कोरी मागची बाजू त्याच्यासमोर धरली.

"बोल. कौनसा कलर?"

"क्रीम," कमळाकरभाऊ म्हणाले. "चक्क पिवळा मारतोय."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कागद पांढरा होता. पांढरा म्हणजे निळसर वाटावा इतका. नारूशेठ माझ्याकडे बघत होता, आणि बाकी कुणी सांगायच्या आत कमळाकरभाऊंनी माझं तोंड बघितलं.

"ताई, तुम्हाला कसा दिसतो?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. "पांढरा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. डावा डोळा हाताने झाकून कागद बघितला, मग उजवा झाकून. परत डावा, परत उजवा. कारखान्यात दोन तुकडे शेजारी धरून बघायचे, तसंच. मग हात खाली घेतला.

"कागद एक, उजेड एक, आणि दोन डोळ्यांत दोन शेड. उजवा जास्त पिवळा मारतो." चष्मा परत घातला. "बल्ब पास आहे, नारूशेठ. मीच रिजेक्ट."

एकतीस वर्षं ज्या डोळ्यांवर पगार घेतला, त्यांच्याबद्दल माणूस असं भर दुकानात म्हणाला, आवाज न चढवता. मी दुसरीकडे बघितलं. चहा आला तो प्यालो.

नारूशेठ मात्र आता दुकानदार राहिला नाही. बाहेर जाऊन व्हॅनच्या हेडलाइटवर त्याने अंगठा घासला आणि आम्हाला बोलावलं. वरचं प्लॅस्टिक उन्हाने दुधाळ झालेलं. "देख साईं, मोतीबिंदू तुला एकट्यालाच नाही, गाडीलाही आहे. हे घासून पॉलिश कर. आणि हा एलईडी काढ. तू मागितला, मी दिला, माझीही चूक. ही काच साध्या बल्बसाठी बनवली आहे. त्यात हा घातला की उजेड चारी बाजूला उडतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि धुरळा असला की उलटा तुझ्याच डोळ्यात. आपल्या वयाला हा निळा उजेड झेपत नाही. कंपनीचा साधा बल्ब लाव, काच साफ ठेव, आणि सेटिंग करून घे. पॉवर नको मागू. उजेड रस्त्यावर पडतो का ते बघ."

"हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलंच.

"ताई, गिऱ्हाईक येऊन बोलतो सगळ्यात पांढरा दे. त्याला मी बोलू, तुझे डोळे तपास?"

बदलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकत आलाय, ऑपरेशन करू, तोवर अंधारात गाडी नको. कमळाकरभाऊंनी विचारलं, "डॉक्टर, पिवळेपणा एकदम आला की हळूहळू?" डॉक्टर म्हणाले, हळूहळू, वर्षानुवर्षं, म्हणूनच कळत नाही. बाहेर आल्यावर ते बराच वेळ शेवटच्या काही वर्षांतल्या बॅच आठवत होते. कोणती पास केली, कोणती परत पाठवली. मी म्हटलं, "सोडा आता, ते कपडे फाटलेसुद्धा असतील." त्यावर हसले थोडे.

खरा प्रश्न बायकांचा होता. त्या दिवशी ते उजेड असतानाच कंपनीच्या गेटवर गाडी घेऊन गेले, मीही सोबत. साडेसहाला सगळ्या बाहेर आल्या. त्यांनी गाडीचं दार उघडलं नाही. बाहेर उभं राहूनच सांगितलं की डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि अंधारात मी चालवणार नाही.

"हळू चालव की मग," कौसाबाई म्हणाली. "आमाला काय इमान पकडायचंय?"

"हळू चालवून दिसत नाही, कौसाबाई."

"चार वर्षं दिसलं ना?"

"नसेल दिसलं. नशीब होतं." आणि मग जरा कडक आवाजात, "शंका असलेला माल मी गेटबाहेर सोडला नाही कधी. तुम्ही तर माणसं आहात."

प्रत्येकीला आपापलं घर दिसत होतं. मी मनात कंपनीवर मोर्चा काढायची तारीख ठरवत होते, तेवढ्यात नूतन म्हणाली, "मी चालवू? म्हणजे, लायसन आहे माझ्याकडे."

"तू?" कौसाबाईने तिला खालून वरपर्यंत बघितलं. "परवा स्कुटी गटारात घातली ती तूच ना?"

"स्कूटी वेगळी, मावशी. भाऊजींचा टेम्पो चालवलाय मी, पूर्ण सीझन. भाजी भरून."

"आमी भाजी हाय का?"

हसू फुटलं. कमळाकरभाऊ हसले नाहीत. त्यांनी किल्ली नूतनला दिली आणि स्वतः डाव्या सीटवर बसले. गेटपासून चौकापर्यंत तिला तीनदा पुढे-मागे करायला लावलं, पुलाच्या चढावर थांबवून परत उचलायला लावलं. मगच म्हणाले, "चल सोनिवली." मागे माझ्यासकट सगळ्या दाटीवाटीने. कौसाबाई पदर तोंडात धरून बसलेली, तरी उतरली नाही.

नूतनची सासू ओट्यावरच होती. ड्रायव्हरच्या दारातून सून उतरताना बघून ती उठून उभी राहिली. म्हणाली, "हे कधी शिकलीस तू?" रागावली की नाही ते नूतनला अजून कळलेलं नाही. काम बंद कर हे मात्र पुन्हा निघालं नाही.

तरी लाइटचं उरलंच होतं. काच पॉलिश झाली, साधे बल्ब लागले, अंबरनाथच्या शशिकांत मेकॅनिकने भिंतीवर खडूने रेघ मारून सेटिंग केलं. दोन दिवसांनी नूतन म्हणाली, "काका, रिकाम्या गाडीत ठीक आहे. सगळ्या बसल्या की लाइट झाडावर जातो, रस्त्यावर काहीच नाही." कमळाकरभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. चार वर्षं गाडी भरूनच चालवली, पण गॅरेजवाला बघणार ती रिकामी. मागे वजन आलं की नाक वर होतं. ही साधी गोष्ट ना त्यांना सुचली, ना शशिकांतला.

म्हणून रविवारी संध्याकाळी सहाही जणी, सुट्टीच्या साड्यांत, शशिकांतच्या गॅरेजमध्ये गाडीत बसल्या. समोर भिंत, शशिकांत बॉनेटमध्ये वाकलेला, कमळाकरभाऊ खडू घेऊन भिंतीशी.

"मी उतरू का? पटकन खाली येईल लाइट," कौसाबाई.

"मावशी, तुम्हीच मेन आहात," शशिकांत आतून ओरडला. "अजिबात हलू नका."

"भाड्या, आईला सांगीन तुझ्या."

उजेडाची धार सरकत सरकत रेघेवर आली. डावीकडे थोडी वर, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा, आणि उजवीकडे खाली, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये. कमळाकरभाऊंनी ड्रायव्हरच्या सीटवरच्या नूतनला विचारलं, "तुला कसा दिसतो?" रंग कुठला ते विचारलं नाही.

"एकदम क्लिअर, काका."

"मग पास."

फेब्रुवारीपर्यंत दोन्ही डोळे झाले. पहिली पट्टी निघाली त्या सकाळी फोन आला, "ताई, आपल्या बेलवलीचं आभाळ इतकं निळं मारतं?" मी म्हटलं आधीपासूनच. महिन्याने डॉक्टरांनी रात्रीही चालवायला हरकत नाही सांगितलं. एका संध्याकाळी त्यांनी गाडी स्वतः घेतली, फक्त मला बसवलं, सोनिवलीपर्यंत जाऊन आले. वळणं दिसली, कडेची माणसं दिसली, खड्डेसुद्धा. समोरून गाडी आली की मात्र क्षणभर थबकायचे, अजून.

घरासमोर गाडी बंद करून ते बसून राहिले.

"दिसतं आता," म्हणाले. "नूतनला माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

"मग?"

"सकाळ माझी. संध्याकाळ तिची."

मी वाद घालणार होते. चार वर्षं गाडी चालवणारा माणूस, लगेच बाजूला का व्हायचं, वगैरे. पण त्यांनी गाडीची दुसरी किल्ली नूतनला द्यायला आधीच माझ्या हातावर ठेवली होती, आणि दार उघडून आत चहा टाकायला गेले होते.