आतल्या दाराचा पत्ता

सदर व्यक्ती नेत्ररुग्णालयाच्या संगणक विभागात प्रणाली अभियंता या पदावर कार्यरत असून, रुग्णांना जाणाऱ्या यच्चयावत लिंकांच्या अचूकतेस ती जबाबदार आहे. वर्तणूक समाधानकारक. आत्मविश्वास आवश्यकतेपेक्षा किंचित अधिक. घरी तिला हेडमास्तरीण म्हणत, तेही तोंडावर.

त्या सकाळी आईचा फोन आला. आईला याच रुग्णालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ईमेलमधली लिंक दाबून दुपारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर तारीख दुसऱ्याला.

"अगं, तुझी लिंक उघडत नाही."

"आई, चष्मा लाव."

"चष्म्याने भागलं असतं तर डोळा कापून घ्यायला कशाला निघाले असते?"

हेडमास्तरणीने आईकडून तोच मेल मागवून लिंक दाबली. पान झटकन उघडलं. "इथे तर उघडतंय."

"मग ऑपरेशनही तिथेच उरकू, तुझ्या टेबलावर. नाहीतर तू काउंटरवर सांगून टाक."

"लिंक तुला एकटीला गेलेली नाही, आई."

आता तिने लिंक नीट वाचली. तीत रुग्णालयाच्या वेबसाइटचा पत्ता नव्हताच. आतल्या सर्व्हरचा होता. बाहेरून वेबसाइटवर केलेली प्रत्येक विनंती आधी दारातल्या सर्व्हरकडे येते, तो ती आत धाडतो. हिचा कोड आत बसून विनंतीला विचारी, "पूर्ण पत्ता काय तुझा?" आणि ती बिचारी आतल्या दाराचाच पत्ता सांगे; तोच मेलमधल्या लिंकमध्ये उतरे. ऑफिसात बसणाऱ्याला तो उघडतो. रुग्ण ऑफिसात बसत नाहीत.

नेटवर्क सांभाळणारा शेजारच्या खुर्चीतून म्हणाला, "दारातला सर्व्हर विनंतीबरोबर मूळ पत्ता चिठ्ठीवर लिहून देतो की. तू वाचत नाहीस."

"चिठ्ठी काय, कुणीही खरडेल. खोटा पत्ता घुसला तर आपणच रुग्णांना चोराच्या घरी पाठवू."

"मग विचारणार कुणाला?"

"कुणालाच नाही. स्वतःच्या घराचा पत्ता येणाऱ्या पाहुण्याला विचारतात का?"

तिने वेबसाइटचा पत्ता सेटिंगमध्ये कायमचा लिहिला, लिंक त्यावरून बनवली, मोबाइलवरचं ऑफिसचं वायफाय बंद करून जिन्यात उभी राहून तपासली आणि सगळ्यांना नवे मेल सोडले.

"उघडली गं," आई म्हणाली. "होकारही दिला. आता जेवून घे."

अहवालात 'सदर त्रुटी विभागाच्या नियमित तपासणीत निदर्शनास आली' अशी नोंद झाली. तपासणी आईने केली होती, एका डोळ्याने.