सुरावर कोण उभं राहणार

एप्रिलात जयंती झाली की दुसऱ्या दिवशी, ऊन कललं की, आमच्या अल्लीपूरकडच्या गावात विहारामागच्या मैदानात आट्यापाट्या रंगते. लेकी विरुद्ध सुना. खेळ ठाऊक नसेल तर आधीच सांगते, मग मध्येच "आं?" करू नका. राखेनं आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एकजण राखणीला, आणि तिचा पाय पाटीबाहेर जाता कामा नये. सगळ्या पाट्यांना मधोमध कापत जाते ती उभी पाटी म्हणजे सूर. सुरावरची मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, म्हणून तिथं खमकी बाईच लागते. पळणारीनं हुलकावण्या देत पल्याड जायचं, तिथलं खडेमीठ मुठीत घ्यायचं आणि परत येऊन "लोण!" म्हणून बोंबलायचं. वाटेत कुणी शिवलं की बाद.

माहेरी आलेली ती लेक, घरात आणलेली ती सून. इतका सोपा नियम, पण तो माझ्या थोरल्या बहिणीपाशी अडायचा. नवऱ्यानं टाकल्यापासून ताई भावाकडेच राहते. जयंतीला साऱ्यांचा स्वयंपाक करायची आणि खेळाच्या वेळी पाण्याची घागर घेऊन कडेला बसायची. मी हात धरून ओढायची, तर म्हणायची, "मी पाहुनी नाई, अन् सून बी नाई. मले कोनती पाटी?" माझा जीव तुटायचा.

यंदा सुनांच्या सुरावरचीचा पाय मुरगळला. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! पण वहिनीनं कडेला पाहिलं.

"ताई, उठा. सुरावर या."

"काऊन? ताई आमची आहे!" मी भांडायलाच उठले.

"तुमी साऱ्या उद्या बॅगा भरून जासान," वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घर ताईच पाहून राह्यल्या. त्या आमच्यातल्या."

ताईनं घागर खाली ठेवली, चपला काढल्या, पदर खोचला.

मीठ घेऊन मी शेवटच्या पाटीपर्यंत परत आले. वाटलं, बहीणच ती, सोडेल. कसली सोडते! असा दणका पाठीत घातला की मुठीतलं मीठ मातीत सांडलं. राग आला, आणि रडूही आलं.

"ताई, मले त सोडायचं होतं!"

ती धापा टाकत हसत होती. "माह्या घरातून मीठ घेऊन जाशीन, अन् मी पाहत राहू?"