वरच्या चौकटीतल्या बाई

"आधी उत्तर द्या. मग काय आरत्या ओवाळायच्या त्या ओवाळा!" आमच्या हडपसरच्या ऑफिसात कोणी लेख दाखवायला नेला, की बाई पहिला परिच्छेद हाताने झाकून हे वाक्य टाकायच्या.

स्वयंपाकाच्या एका वेबसाइटचा मजकूर आम्ही लिहायचो. तुम्ही फोनवर काही शोधता, तेव्हा सगळ्यात वर एका चौकटीत नेमकं उत्तर येतं ना, साइटच्या नावासकट? त्या चौकटीत आपला मजकूर बसवायचा, याचाच आम्हाला पगार. बाईंची पद्धत साधी. लोक विचारतात तोच प्रश्न मथळ्यात, त्याच्याखाली दोन वाक्यांत उत्तर. पण 'चकली मऊ का पडते?' याची दोन वाक्यं लिहिण्याआधी त्या घरी घाणेच्या घाणे मुद्दाम बिघडवून बघत. मग त्या मऊ चकल्या आमच्यापुढे येत. "खा. अभ्यासाचं साहित्य आहे."

साहेबांना मात्र प्रस्तावनेचा भारी सोस. "अहो मॅडम, सुरुवातीला थोडी संस्कृती हवी. दिवाळी, पणत्या, असं काहीतरी."

"जिची कढई तापलीय, तिला आपली संस्कृती आत्ता नकोय, साहेब."

आम्ही हसलो. साहेबांनी ते लक्षात ठेवलं.

एका सोमवारी पाहतो, तर बाईंच्या प्रत्येक लेखावरून त्यांचं नाव गायब. तिथे साहेबांच्या मेहुणीचं नाव आणि हसरा फोटो. मेहुणीला चकली फक्त खाता येत होती. बाईंनी जाब विचारला, तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, नाव कोण वाचतं? लोक उत्तर वाचतात."

"बरं," बाई म्हणाल्या आणि राजीनामा देऊन निघाल्या. पुण्यातला माणूस भांडला तर प्रकरण मिटू शकतं. नुसतं 'बरं' म्हणाला, की समोरच्याने सावध व्हावं.

विश्रांतवाडीच्या घरातून त्यांनी स्वतःच्या नावाची साइट काढली. हा सूडच होता, मी त्याला गोंडस नाव देणार नाही. प्रत्येक पदार्थ त्यांनी नव्याने बिघडवला आणि उत्तर आणखी नेमकं लिहिलं. इकडे बाईंचा धाक गेल्यावर साहेबांनी प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर संस्कृती चढवली होती. "ते प्रस्तावना लिहितात, मी उत्तर लिहिते. मला वेगळं काही करावंच लागत नाही हो," बाई मला फोनवर म्हणाल्या.

साबुदाण्याच्या खिचडीची चौकट बाईंकडे गेली, पुरणाची गेली. दर वेळी साहेबांना बाईंचा मेसेज यायचा. चौकटीचा फोटो आणि खाली एकच शब्द, 'कळावे.' ऐन दिवाळीच्या तोंडावर चकली गेली, तेव्हा साहेबांनी मीटिंगमध्ये फोन आपटला. मी घरी जाताना पेढे नेले.

"आता पुरे की," मी एकदा म्हटलं.

"अनारशांवर अजून ती मेहुणी हसतेय," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. "माझ्या आईने शिकवलेत ते मला. तेवढे सोडवून आणते."

बाई बरेच दिवस आजारी होत्या, आणि तेव्हा आजार बळावला होता. अनारशांचं उत्तर त्यांनी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून लिहिलं, पण चौकट काही हलेना. बाई गेल्या.

ऑफिसात शोकसभा झाली. साहेब गहिवरून म्हणाले, "आमच्याच हाताखाली तयार झाल्या हो." मेहुणी शेजारी डोळे टिपत होती. मी सकाळीच फोन पाहून आलो होतो. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, तेव्हा मी फोन तोंडाजवळ धरून मोठ्याने विचारलं, "अनारसे तुपात का हसतात?"

फोनने आधी साइटचं नाव, म्हणजे बाईंचं आडनावासकट पूर्ण नाव, स्वच्छ उच्चारलं. मग सांगितलं, "पिठात गूळ जास्त झाला, की अनारसे हसतात, म्हणजे तुपात सुटून पसरतात. थोडं तांदळाचं पीठ मिसळा."

साहेबांचा चेहरा लाल झाला, पण बोलणार कसे? श्रद्धांजली चालू होती. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.