समीर डेन्मार्कला, मी काल्हेरला

समीरचं विमान उडालं आणि दोनच दिवसांनी मी पुण्याहून भिवंडीच्या एसटीत बसलो. आमचं ऑफिस एक, टेबलं शेजारी आणि काम एकच: समुद्रात पवनचक्क्या उभारायला किती खर्च येईल आणि पुढे जुन्या झाल्यावर त्या काढायला किती, याचा अंदाज बांधायचा. उभारणी समीरकडे, म्हणून तो डेन्मार्कला. काढणी माझ्याकडे. समुद्रातल्या चक्क्या काढल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं, तेव्हा साहेब म्हणाले, भिवंडीत सारखे कापडाचे जुने लूम, म्हणजे यंत्रमाग, निघतात, ते कसे काढतात बघून ये. अंदाज चांगला जमला तर पुढच्या खेपेला डेन्मार्कला तू. मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात जळत राहिलो.

धामणकर नाक्याला शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकत बसलो. तेवढ्यात समीरचा एसएमएस आला. बोटीतून चक्क्या बघतोय, वारा मस्त आहे म्हणे. इथे माझ्या तोंडात ट्रकची धूळ होती.

भिवंडीजवळच्या काल्हेरला जनाकाकी नावाच्या बाईंचा गाळा पाहायचा होता. त्यांचा भाडेकरू लूम भंगारात विकून निघून गेला होता. जमिनीत मात्र लूमखालचे काँक्रीटचे ओटे तसेच होते. गोडाऊनवाल्याला सपाट जमीन हवी होती, नाहीतर तो गाळा घेणार नव्हता. ओटे फोडायचं काकींच्या गळ्यात आलं होतं. तरी त्यांनी मला आग्रहाने तांदळाची भाकरी आणि सुकट (सुकवलेली बारीक कोलंबी) वाढली.

"मशिनी बसवल्या तवा नारल फोरला, पेढं वाटलं," काकी म्हणाल्या. "आता वरचा लोखंड तेवरा नेला. खालचा कोन काढील?"

माझा घास हातातच राहिला. निघण्यापूर्वी समीरने मोठेपणाने मला काढणीचा कच्चा तक्ता करून दिला होता. त्यात वरच्या लोखंडाची विक्री जमेला होती, पण समुद्राच्या तळात रोवलेल्या पायांचं नावही नव्हतं. समीर चुकला होता! मला इतका आनंद झाला की मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

पुण्याला परतून मी पाये काढण्याचा खर्च धरला, तेव्हा काढणीचा आकडा भलताच फुगला. साहेबांनी पाठ थोपटली. हे डेन्मार्कच्या लोकांना समक्ष पटवायला हवं, असं म्हणाले. मी पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आठवू लागलो.

"समीर तिथेच आहे," साहेब म्हणाले. "त्याला पाठवून दे, तो मांडेल."

पाठवून दिलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळ्यांना फार आवडलं, पण हे पाये तुला सुचले कुठून, असं तो विचारत होता. मी म्हटलं, असेच सुचले. भिवंडीचं नाव मी त्याला सांगितलं नाही. तेवढी एक जागा तरी त्याने पाहिलेली नसू दे.