जांगडवर आलेला व्हिडिओ गेम

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत साडीसाठी बाजारात जाणारी बाई विरळा. झमकूबाई घरी यायच्या. पांढऱ्या चादरीत बांधलेलं गाठोडं त्या लेकराला घ्यावं तसं कमरेवर घेत आणि फाटकाची कडी वाजवायच्या आधीच हाक देत, "वहिनी, बघायला पैसे पडत नाहीत!"

त्या मूळच्या मारवाडच्या, पालीजवळच्या खेड्यातल्या. लग्न होऊन जळगावात आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. नवरा सोहनलालजी घरच्याच कापडदुकानात गादीवर बसायचे. ते अचानक गेले, दुकान दिरांकडे राहिलं, आणि वाटणीत झमकूबाईंनी फक्त साड्यांचं एक कपाट मागून घेतलं. त्या कपाटावर त्यांनी दोन मुलींची लग्नं केली. मराठी त्या गिऱ्हाइकांकडूनच शिकल्या. त्यामुळे एक वाक्य प्राध्यापकांच्या बायकोसारखं असायचं आणि पुढचं आमच्या शेजारच्या धुरपदाबाईसारखं, चक्क अहिराणी.

त्यांचा सगळा धंदा जांगडवर चाले. व्यापाऱ्यांची ही जुनी रीत. माल आधी घरी ठेवून जायचा. पसंत पडला तर पैसे, नाही तर जसाच्या तसा परत. झमकूबाई तीन दिवस देत. पदर पूर्ण उलगडून बघा, उन्हात नेऊन रंग बघा, सासूला दाखवा, त्यांची कशालाच ना नसे. मात्र घडी मोडून साडी अंगाला लावली, की ती विकली गेली. त्यावर वाद नाही.

एकदा कोपऱ्यावरच्या कुंदाबाईने जांगडची साडी बारशाला नेसून दुसऱ्या दिवशी इस्त्री करून परत दिली. झमकूबाईंनी ती नाकाशी धरली.

"कुंदा, हिला मोगरा लागला गं."

"नाही हो बाई, कपाटात अत्तर सांडलं."

"मग आता कपाटातच राहू दे हिला. तुझ्याशी ओळख झाली तिची." एवढं बोलून त्यांनी चहा मागितला, शांतपणे प्यायला, आणि साडी तिथेच ठेवून उठल्या. पुढच्या महिन्यात कुंदाबाई पैसे घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेली.

मी मात्र त्यांची आवडती गिऱ्हाईक होते. माझ्याकडून परत गेलेल्या साडीवर बोटाचा ठसाही नसे. "वहिनीच्या घरून माल येतो तो माझ्या कपाटातून आल्यासारखा," असं त्या चारचौघींत सांगत, आणि मला ते आवडे.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझ्या हेमांगीला सांधेवाताचा ताप झाला. ती अकरा वर्षांची होती. ताप उतरला, पण डॉक्टर म्हणाले, हृदयाला त्रास नको, पावसाळ्यापर्यंत पलंग सोडू द्यायचा नाही. एरवी दिवसभर सायकलवर असणारी मुलगी! पहिला आठवडा ती गोष्टींची पुस्तकं वाचत पडली. मग तिने पुस्तकं भिंतीकडे सरकवली आणि भिंतीकडेच तोंड करून झोपू लागली. मी खोलीबाहेर गेले की ती उठून खिडकीशी जायची. फरशीवर पावलांचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून धावायचे. तिने एकदाच काय ते मागितलं: मैत्रिणीकडे आहे तसा टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम. डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. "पडून खेळेल ना? मग औषधच समजा."

नवीन घेणं आम्हाला शक्यच नव्हतं. हे वरणगावच्या फॅक्टरीत, पगार एक, आणि त्यातून औषधं. जुना घ्यायचा तरी एकदाच घेता येणार होता; तो बिघडला तर दुसरा नाही, आणि हेमू पुन्हा खिडकीशी. बाजारातल्या एका दुकानात जुने गेम काचेच्या कपाटात मांडले होते. मी प्रश्नांचा सपाटा लावला. याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते का? कॅसेट सैल बसते का? बटणं दाबली जातात का? चोरीचा नाही ना? दुकानदार म्हणाला, "ताई, इथे चालू करून दाखवतो. पायरी उतरलात की माल तुमचा." मी पायरी उतरले, रिकाम्या हाताने.

हे सगळं झमकूबाईंना सांगितलं त्याला आठवडा झाला नसेल. एका सकाळी त्यांनी आमच्या ओट्यावर गाठोडं सोडलं, तर साड्यांच्या खाली मलईच्या रंगाचा डबा, त्यावर लाल पट्टी, दोन रिमोट आणि चार कॅसेट.

दारातून डोकावणाऱ्या धुरपदाबाई म्हणाल्या, "हाई काय शे व माय?"

"खेळणं शे," झमकूबाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याचं, कापडवाल्या भिकमचंदचं. त्याचा मुलगा पुण्याला शिकायला गेला, आता घरी पडून आहे. वहिनी, मला यातलं काही कळत नाही. घर कळतं. भिकमचंदच्या दारात चपला रांगेत असतात. तशा घरातली जुनी वस्तू घ्यावी. तीन दिवस ठेव."

"याचीही जांगड?"

"माझ्या गाठोड्यात आलं ते जांगडच."

तीन दिवस मी तो डबा नव्या शालूसारखा सांभाळला. सकाळच्या गारव्यात टीव्हीला जोडायचा, चित्र आलं, आवाज आला, बटणं चालली, की लगेच बंद. मऊ फडक्याने पुसून पुन्हा पिशवीत. हेमू पलंगावरून हात पुढे करून म्हणायची, "आई, एकच डाव."

"जांगड आहे बाळा. घडी मोडेल."

"याला घडी कुठे असते?"

मी तिला गप्प केलं. चौथ्या दिवशी सकाळी झमकूबाईंच्या हातात पैसे ठेवले तेव्हा डब्यावर धुळीचा कणही नव्हता. त्यांनीही तो बघून मान डोलावली.

त्या दुपारी हेमू उशीला टेकून मनसोक्त खेळायला बसली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही. अर्धा तास गेला असेल. पडद्यावर आडव्या पट्ट्या आल्या, खेळातला माणूस हवेत उडी मारून तिथेच अडकला. डब्याला हात लावला तर तव्यासारखा. बंद करून गार होऊ दिला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी हेमूने रिमोट उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"उन्हाळ्यात सगळंच तापतं," हे म्हणाले. "परत दे त्यांना."

"घेतील कशा? घडी मोडली आता."

"अगं, ती साडी आहे का?"

माझ्यासाठी होतीच. कुंदाबाईला हसणाऱ्यांत मी पुढे होते. आता त्याच तोंडाने मी झमकूबाईंकडे विकलेला माल घेऊन जायचं? मी गेले नाही. शेवटी झमकूबाईच गाठोडं घेऊन आल्या. मी साड्या बघण्याचं नाटक करत होते, तेवढ्यात आतून हेमू ओरडली, "आजी, तुमचा गेम बिघडलेलाच आहे!"

झमकूबाईंचा हात गाठीवरच थांबला. त्यांच्या मालाला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी घाईघाईने सगळं सांगितलं, आणि शेवटी हेही, की नियम मला माहीत आहे, मी परत करायला काढलेला नाही.

"जांगडच्या दिवसांत किती वेळ चालवलास?" त्यांनी विचारलं.

"थोडा. पाच मिनिटं. खराब होऊ नये म्हणून."

"साडीचा पदर बघतेस का नाही?"

"बघते ना. पूर्ण उलगडून."

"मग याचा पदर कुठे बघितलास तू? वरची किनार बघून पैसे दिलेस, वेडे. आणि मी घेतले, मी तुझ्याहून वेडी. साडी डोळ्याने कळते, हे चालवूनच कळणार ना?" त्या उठल्या. "पदर बघितला नाही म्हणजे जांगड अजून चालू आहे. घे तो डबा. भिकमचंदकडे जाऊ."

"आत्ता? बारा वाजून गेलेत. संध्याकाळी जाऊ."

"दुपारी मरतो ना तो? मग दुपारीच दाखवायचा."

धुरपदाबाई हेमूजवळ बसल्या. आम्ही दोघी रिक्षाने निघालो. झमकूबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला होता, मांडीवरचा डबा वाटभर दोन्ही हातांनी धरला होता. त्यांना कशाची काळजी होती ते मला कळत होतं. घर चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. आता एक तर घर खोटं ठरणार होतं, नाही तर मी.

दारात चपला खरंच रांगेत होत्या. भिकमचंदची बायको राजकुंवर पाणी घेऊन आली, पण डबा बघून तिचा चेहरा उतरला.

"भुवासा, तुम्हीच सांगता, विकलेलं परत येत नाही," ती आतेसासूला म्हणाली.

"परत कोण देतंय? पदर बघायला आलोय. लाव टीव्हीला."

"आमच्याकडे दोन वर्षं चालला. कधी काही झालं नाही," म्हणत आतून भिकमचंद आळोखेपिळोखे देत आले. "यांच्या घरी व्होल्टेज कमी-जास्त असेल." माझ्याकडे बघून त्यांनी आवाज नरम केला. "म्हणजे, असतं कधीकधी."

गेम लागला. छान चालला. राजकुंवर माझ्याकडे बघून हसली, मी नजर पडद्यावरच ठेवली. झमकूबाईंनी कमरेची माळ काढली आणि डोळे मिटून जपायला लागल्या. स्वयंपाकघरात टेपवर स्तवनं चालू होती. माळ संपत आली आणि पडद्यावर पट्ट्या आल्या.

मला एवढं हायसं वाटलं, की त्याचीच लाज वाटली.

भिकमचंदनी डब्याला हात लावून पटकन मागे घेतला. "असा कधी तापत नव्हता. शपथ."

झमकूबाईंनी माळ खोचली. त्यांचं लक्ष डब्याकडे नव्हतं. त्या वायर बघत होत्या, तिच्या टोकाचा काळा अडॅप्टर बघत होत्या. मग त्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांची हाक आली.

"राजकुंवर, इकडे ये गं. हे काय?"

टेपच्या मागे भिंतीत अडॅप्टर खोचलेला होता. मलईच्या रंगाचा, लाल पट्टीचा.

"साडी दिलीस ती दिलीस, ब्लाउजपीस दुसऱ्या साडीचं दिलंस तू!" झमकूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं कापडाच्या घरात राहून रंग जुळवता येत नाही?" मग त्या स्वतःवरच उखडल्या. "आणि मी? मी गाठोड्यात बांधला तेव्हा कुठे बघितलं?"

भिकमचंदनी दोन्ही अडॅप्टर उलटेपालटे करून वाचले. काळा बारा व्होल्टचा, त्यांच्या दुकानातल्या जुन्या टेपचा. गेमला नऊ लागत होते. मुलगा पुण्याला गेल्यावर रिकामा दिसला म्हणून राजकुंवरने मलईचा उचलून घरच्या टेपला लावला होता, आणि गेम देताना जो हाती लागला तो दिला. ती पदराआड हसायला लागली, हसता हसता म्हणाली, "मग आता माझ्या स्तवनांचं काय?"

"तोंडाने म्हण. देवाला अडॅप्टर लागत नाही."

तेवढ्यावर झमकूबाईंचं समाधान झालं नाही. गार झाल्यावर गेम योग्य अडॅप्टरवर तिथे लावून बघितला, तरी त्या म्हणाल्या, हे भिकमचंदचं घर. पदर हेमूच्या घरी बघायचा. आम्ही भर उन्हात परत आलो. हेमूच्या हातात रिमोट दिला आणि झमकूबाई तिच्या पलंगाशी खाली बसल्या. पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. तळहात डब्यावर ठेवून बसल्या होत्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"आजी, हात काढा ना, मला हसू येतं."

"तू उड्या मार. मला माझं काम करू दे."

चहा झाला. धुरपदाबाई दळण घेऊन गेल्या आणि आल्या. हेमू तीनदा हरली, एकदा जिंकली, आणि जिंकल्यावर उठून न नाचता पडल्या पडल्या पाय हलवत राहिली. पट्ट्या आल्या नाहीत. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा मी डब्याला हात लावला. कोमट होता, एवढंच.

हेमूचे डोळे मिटायला लागले होते. पण रिमोट हातात होता आणि तोंड आमच्याकडे, खोलीकडे होतं. झमकूबाईंनी हळूच हात काढला, गुडघ्यावर जोर देऊन उठल्या आणि गाठोडं कमरेवर घेतलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "आता मोडली घडी."