जोशीकाकांची सतरा मिनिटं

फूलबागेपाशी जोशीकाकांना धाप लागली, तशा पद्माताई थांबल्या. थाटीपुरापासून त्या काकांना हाताला धरून आणत होत्या. काकांना आता फार कमी दिसे, आणि दाना ओली या गल्लीत दोघांची घरं समोरासमोर.

दरबार होता तोवर काका तिथले ज्योतिषी. संस्थान विलीन झालं, मान गेला, मग ते कारकुनांच्या पत्रिका पाहू लागले. ग्वाल्हेरची राजधानी कुठे जात नाही, असं त्यांनी छातीठोक सांगून ठेवलं होतं. आज राजधानी भोपाळला हलत होती; थाटीपुरात कचेऱ्यांची कपाटं ट्रकवर चढत होती, आणि तिथले कारकून दौलतसिंहबाबू सगळ्यांदेखत ओरडले, "क्यों पंडितजी, आपके पंचांग में भोपाल नहीं था?" माणसं पोट धरधरून हसली. पद्माताईंनाही हसू आवरलं नाही.

पुन्हा चालू लागल्यावर काका म्हणाले, "तुझ्या पत्रिकेतही चुकलोच होतो गं."

आठ वर्षांपूर्वी याच काकांनी सांगितलं होतं, हिला लग्नाचा योगच नाही. केलंत तर नवरा वर्षात जाईल. ठरलेलं मोडलं. पुढे कुणी विचारायला आलं नाही. त्याच घोरात वडील गेले.

"तुझे वडील घरचं घड्याळ सूर्यावर लावत. मी जन्मवेळ रेल्वेच्या घड्याळाची धरली. सतरा मिनिटांचा फरक. सगळी कुंडलीच फिरली."

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच महिन्यात."

"आणि गप्प बसलात?"

"दरबारची चाकरी नुकतीच गेलेली. चुकलो म्हटलं असतं तर दारात कोण उभं राहिलं असतं? तुला काय, शाळेची नोकरी होती."

पद्माताईंनी हात सोडला. म्हातारा रस्त्याच्या मधोमध चाचपडत राहिला. एका टांगेवाल्यानं शिवी हासडली, दुसऱ्याचं चाक धोतराला घासून गेलं. ताई बघत होत्या. मग रामाचं नाव घेऊन त्यांनी काकांना कडेला ओढलं.

काकांना घाम फुटला होता, पण मनातलं बोलल्यावाचून राहवेना.

"मुलगा मला भोपाळला नेतोय. तिथं मला कोण ओळखतं? चार भल्या माणसांची पत्रं जवळ हवीत. तुझं अक्षर सुरेख आहे, पद्मे. एवढंच लिहून दे, की जोशींनी माझ्या नशिबी लग्न नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते तंतोतंत खरं झालं."