नऊ मजल्यांचा लिफ्टवीर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त एक जिना दिसतो. सिमेंटचा, राखाडी, नऊ मजले वर गेलेला. डावीकडे लिफ्टचं बंद दार, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद : ‘आउसर बेट्रीब’, म्हणजे बंद आहे. उजवीकडे बेचाळीस टपालपेट्या. दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि दोन मिनिटांनी आपोआप विझतो, त्यामुळे या प्रवेशात प्रत्येक पात्राला मधेच अंधारात उभं राहावं लागतं. गाव जर्मनीतलं ब्राउनश्वाइग, साल दोन हजार सहा, महिना फेब्रुवारी. खालून पोरांचा गलका येतो आणि पाठीवर लाल मखमलीचा झगा टाकलेला एक किडकिडीत तरुण दोन्ही हातांत बटाट्याच्या पिशव्या घेऊन प्रवेश करतो. डोळ्यांवर काळा मुखवटा आणि मुखवट्यावर चष्मा. त्याच्यामागे कठडा धरून नवव्या मजल्यावरच्या, एक्याऐंशी वर्षांच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, हिल्डेब्रांट, आणि त्यांच्यामागे इमारतीतली सगळी पोरं.

चाळीस वर्षं मी फिरत्या नाटक कंपन्यांतून कामं केली. नायकाचा प्रवेश कसा असतो हे मला कोणी सांगायला नको. पण पाचव्या मजल्यावर धाप लागून पिशव्या खाली ठेवणारा आणि तरीही टाळी घेणारा नायक मी तेवढा एकच पाहिला.

त्याचं नाव देवदत्त. मिरजेचा. वडील हेडमास्तर, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाच्या पाया पडायचं हे त्याला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं. इथल्या विद्यापीठात तो डॉक्टरेट करत होता. विषय विचारला की म्हणायचा, “मावशी, लोखंड थकतं कसं ते बघतो मी.” एकच पट्टी यंत्रात लाखो वेळा वाकवायची आणि ती कधी तुटते ते टिपून ठेवायचं. माझी लेक संपदा, जावई श्रीधर आणि नातू विहान त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी त्यांच्याकडे. देवदत्त सातव्यावर. रविवारी आमच्याकडे वरणभात खायला यायचा आणि स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायचा.

झगा मी शिवला होता, तो मात्र परोपकारासाठी नाही, कार्नेव्हालसाठी. इथे फेब्रुवारीत मिरवणूक निघते, सगळे सोंगं घेतात. देवदत्तला पोरांनी धरलं, तू सुपरहिरो हो. मी जुन्या बाजारातून आणलेला मखमलीचा पडदा कापला.

लिफ्ट तेव्हा चार आठवडे बंद होती. तोपर्यंत देवदत्तने फ्राऊ हिल्डेब्रांटना चारदा विचारलं होतं, पिशवी देता का? चारही वेळा उत्तर एकच, “नाइन, डांके, नको, माझं मला जमतं.” त्या दिवशी तो मिरवणुकीतून परत आला तेव्हा त्या दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. झग्यातल्या माणसाकडे बघून त्या हसल्या आणि पिशव्या पुढे केल्या. देवदत्तला याचं फार आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. माणूस माणसाची मदत घ्यायला लाजतो, सोंगाची घेतो. खेळ आहे म्हटलं की मान सांभाळला जातो.

पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘फारश्टूलमान’. फारश्टूल म्हणजे लिफ्ट. मी त्याला लिफ्टवीर म्हणायचे. कार्नेव्हाल संपला, सोंग राहिलं. संध्याकाळी सहा वाजता प्रयोगशाळेतून आला की झगा चढवून तो खाली उभा. दूध, औषधं, पाण्याचे क्रेट. हळूहळू वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांनी त्याला आपल्या घरांच्या किल्ल्या दिल्या. जर्मन माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देतो म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. देवदत्तच्या दाराआड खिळ्यांना अकरा किल्ल्या लटकत होत्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

आता खलनायक. नाव हेर, म्हणजे श्रीयुत, ग्राबर, वय अठ्ठ्याहत्तर, अब्जाधीश. त्यांच्या कंपनीने जानेवारीत ती इमारत घेतली आणि त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. दर महिन्याला पत्र यायचं, सुटा भाग मागवला आहे, क्षमस्व. मे महिन्यात वेगळंच पत्र आलं : करार संपवण्याच्या कागदावर सही करा, आम्ही सामान हलवायला मदत करू. त्यांना तिथे कार्यालयं बांधायची होती.

भाडेकरूंच्या संघटनेचा वकील म्हणाला, कोणी सही केली नाही तर ते तुम्हाला सहजी हलवू शकत नाहीत. पण दहा-बाराजण गेले की बाकीचे टिकत नाहीत. देवदत्तने तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत सभा बोलावली. पहिल्या सभेला तिघे आले. पुढच्या आठवड्यात तो झगा घालून आला, तर बसायला जागा नव्हती. वॉशिंग मशीनवर चढून त्याने आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, कोणी एकट्याने सही करायची नाही. चौथ्या मजल्यावरचे हेर आयदिन, तुर्की, तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढलेले, त्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला.

जूनमध्ये ग्राबरनी त्याला ऑफिसात बोलावलं, ओळखीच्या कारखान्यात चांगली नोकरी देऊ केली. त्याने नाही म्हटलं आणि तेही येऊन तळघरात सांगितलं. लोकांनी पाय आपटून दाद दिली. इमारत वाचणार असं तेव्हा मलासुद्धा वाटलं होतं.

मग गणपती आले.

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मोहन. सॉफ्टवेअरमधला, उत्साही, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. त्या वर्षी सभागृह मिळत नव्हतं. कुठल्याशा प्रतिष्ठानाने ते दिलं आणि त्याचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे म्हणून येणार असं ठरलं. सूत्रसंचालन माझ्याकडे. विंगेत उभी असताना मोहनने हातात कागद दिला. आरतीनंतर लिहिलं होतं : देवदत्त यांचा समाजसेवेबद्दल सत्कार, हेर ग्राबर यांच्या हस्ते.

मी म्हटलं, “मोहन, हे नाव कोणी घातलं?”

“पाहुण्यांनीच सुचवलं, मावशी. बघा किती मोठं मन. आपल्या पद्धतीसुद्धा विचारून घेतल्या त्यांनी. शाल कशी घालतात, नारळ कुठल्या हाताने द्यायचा, समोरचा मग काय करतो.”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, लहान माणूस वाकून पाया पडतो, मोठा डोक्यावर हात ठेवतो. त्यांना फार आवडलं.”

त्या घटकेला मी आजारी पडायला हवं होतं. चष्मा हरवायला हवा होता. पण कागदावर आलेलं नाव पुकारायचं, प्रयोग थांबवायचा नाही, ही चाळीस वर्षांची सवय. मी नाव पुकारलं. समोर अडीचशे माणसं टाळ्या वाजवत होती. देवदत्त वर आला, ग्राबरना बघून जागच्या जागी थांबला. मला वाटलं, आता परत फिरेल. ग्राबरनी शाल त्याच्या खांद्यावर घातली, नीट, दोन्ही टोकं सारखी करून. नारळ दिला. आणि देवदत्त वाकला. कमरेतून पूर्ण, बोटं बुटांना लागेपर्यंत. ग्राबरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटोग्राफर त्यांनी बरोबर आणला होता.

सोमवारी इमारतीतल्या बेचाळीस टपालपेट्यांत गुळगुळीत कागदाचं एकेक पत्रक पडलं. वर फोटो. खाली एकच ओळ : फारश्टूलमान हेर ग्राबर यांचे आभार मानताना.

पुढचं सगळं मी जिन्यात उभी राहून पाहिलं. देवदत्त दारोदार गेला, झगा न घालता. आमच्यात असं असतं, तो सांगायचा, मोठ्या माणसाच्या पाया पडतात, त्याचा अर्थ त्याचं ऐकलं असा नाही. लोक दार अर्धं उघडून ऐकायचे आणि ‘जा, जा’ म्हणून लावून घ्यायचे.

मला वाटलं, एक माणूस समजून घेईल. आयदिनच्या घरात मोठ्यांचा हात कपाळाला लावतात, मी पाहिलं होतं. त्यांनी देवदत्तला आत घेतलं, चहा दिला, शेवटपर्यंत ऐकलं.

“माझ्या चुलत्याचा हात मी रोज चुंबतो,” ते म्हणाले. “पण जो माझ्या आईला घराबाहेर काढतो त्याचा नाही. तुमच्याकडे काढणाऱ्याच्याही पाया पडतात?”



दुसऱ्या दिवशी फ्राऊ हिल्डेब्रांट सातव्या मजल्यापर्यंत उतरून आल्या. मी त्याला डबा द्यायला गेले होते. आत आल्या नाहीत. “हेर देवदत्त, माझी किल्ली.”

“फ्राऊ हिल्डेब्रांट, मी तुम्हाला सांगतो ना...”

“मी रागावलेले नाही. फक्त किल्ली.”

त्याने खिळ्यावरून काढून दिली. चिठ्ठी सोडवायला गेला तर गाठ सुटेना. त्या तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. आठवडाभरात दाराआड नुसते खिळे उरले.

तळघरातल्या पुढच्या सभेला पाचजण आले आणि त्यातल्या एकाने विचारलं, नोकरी कधीपासून आहे? त्यानंतर सह्या होऊ लागल्या. आधी पाचवा मजला, मग दुसरा. आमच्या घरात त्यावर वादही झाला नाही. श्रीधर म्हणाला, “आई, सगळेच चाललेत, आपण थांबून काय करणार?” सही झाली. मी तिथेच टेबलाशी बसले होते. देवदत्त त्या रविवारीही जेवायला आला. आम्ही सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर आहे, विहानची शाळा आहे ना,” आणि ताट घासून ठेवलं.

नोव्हेंबरात फ्राऊ हिल्डेब्रांट वृद्धाश्रमात गेल्या. सामान कंपनीच्या माणसांनी नेलं. देवदत्तला त्यांनी एका खुर्चीलाही हात लावू दिला नाही. मग तो त्यांच्या एक मजला पुढे उतरत राहिला. प्रत्येक मजल्यावर थांबायचा, आणि दिवा विझायच्या आत बटण दाबायचा. त्या बसत, दम घेत, पुन्हा उतरत. नऊ मजले उतरायला पाऊण तास लागला. एकदाही अंधार झाला नाही. खाली गाडीत बसताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आत्ता लिहितानाही मला वाटतं की त्यांना कळलं असेल, पण तसं म्हणायला मला आधार नाही.

मार्चपर्यंत इमारत रिकामी झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी लिफ्ट दुरुस्त झाली, कामगारांचं सामान वर न्यायला.

देवदत्तने कसाबसा प्रबंध पुरा केला आणि रेगेन्सबर्गला नोकरी धरली. ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर त्याला सोडायला मी एकटीच गेले होते. एक सुटकेस आणि पाठीवर सॅक. झगा त्याने पोरांना खेळायला देऊन टाकला होता. त्यानंतर एक-दोन वर्षं दिवाळीचं कार्ड आलं, मग पत्ते बदलले आणि तेही थांबलं. म्हणजे त्या फलाटावर जे बोलणं झालं तेच आमचं शेवटचं.

मी म्हटलं, “देवदत्त, मी नाव पुकारलं, ती चूक माझी. मला माफ कर.”

“तुम्ही नसतं पुकारलं तर मोहनने पुकारलं असतं, मावशी.”

“पण तू तरी कशाला वाकलास? तुला कळलं होतं ना तो काय डाव आहे ते? मी तुझा चेहरा पाहिला होता.”

“कळलं होतं.”

“मग? सवयीने?”

गाडी फलाटाला लागत होती. त्याने सॅक नीट केली, सुटकेस उचलली आणि डब्याच्या पायरीवर चढून मागे वळला.

“म्हातारा माणूस होता हो. काठी टेकत टेकत स्टेजच्या पायऱ्या चढून आला होता.”